क्रेनच्या केबिनमधला सहावा खंड

आमच्या ग्रंथालयात अकरा खंडांची एक कादंबरी आहे. राजे, खिंडी, वेढे, बर्फ, माणसासारखे बोलणारे कावळे, सगळं आहे तिच्यात. पहिल्या खंडाच्या तीन प्रती आहेत आणि तिन्हींची शिवण उसवलेली आहे. सहाव्याची एकच आहे आणि ती बरीच वर्षं कोरी करकरीत होती, कारण पाचव्याच्या शेवटी लोकांचा धीर सुटतो. मिठाच्या व्यापाऱ्याची मुलगी, जी एव्हाना सेनापती झालेली असते, ती किल्ल्यात अडकते, दरवाजा बंद होतो, आणि सहाव्या खंडात पुढची चारशे पानं तिचं नावसुद्धा निघत नाही. नुसता हिवाळा, बाहेर तळ ठोकून बसलेलं सैन्य, आणि आत काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नाही. मी पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसते. सहावा खंड मागायला आलेला माणूस माझ्या लक्षात राहतो.

ही बाई आली तेव्हा तिने पुस्तक आधी हातात तोलून पाहिलं आणि विचारलं, "किलोभर भरेल का हो?" मला वाटलं, थट्टा करते आहे. मग तिने सांगितलं की ती बांधकामावरची उंच क्रेन चालवते. रोज सकाळी ऐंशी मीटर शिडी चढून केबिनमध्ये जायचं, पाठीवरच्या पिशवीत पाणी, डबा आणि पुस्तक. पाचवा खंड तिला जरा जड गेला होता, वाचायलाही आणि चढवायलाही.

तिचं वय चाळिशीला दोनतीन वर्षं कमी असेल. तळहातांना घट्टे, बोलणं हळू. आधी एका गोदामात माल हलवायची छोटी गाडी चालवायची, मग परीक्षा देऊन क्रेनचा परवाना काढला. नवरा बस चालवतो. कादंबरी खरं तर मुलीने घरी आणली होती. मुलीने पाचवा खंड अर्ध्यावर टाकला, "आई, पुढे काही होतच नाही," म्हणाली, आणि आईने तो उचलून पहिली दोन पानं चाळली. ती तशीच जमिनीवर बसून राहिली, भाजी करपली. नंतर तिने मागचे चारही खंड क्रमाने वाचून काढले.

बांधकामावर तिला 'वरच्या बाई' म्हणत. वरच्या बाईंना विचारा, वरच्या बाई आज चिडल्यात, असं. आणि खाली तिचे डोळे म्हणजे नाना. ऐंशी मीटरवरून खालचा माल काडेपेटीएवढा दिसतो. तो नीट बांधलाय का, उचलायचा कधी, थांबायचं कधी, हे खाली उभा राहून एक जण वॉकीटॉकीवरून सांगतो, त्याला सिग्नलमन म्हणतात. नाना अठ्ठावन्न वर्षांचे होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. चार वर्षं दोघं एकत्र काम करत होते. रेडिओवर ते तिला 'वर' म्हणायचे आणि ती त्यांना 'खाली'. "वर, सावकाश." "खाली, समजलं." जेवणाच्या सुट्टीत भेट झाली की एकमेकांचे चेहरे बघून दोघांनाही थोडं चमत्कारिक वाटायचं, असं ती सांगते.

क्रेनवर काम कमी आणि वाट बघणं जास्त. काँक्रीटची गाडी रस्त्यात अडकते, सळया मोजायच्या राहतात, कुणीतरी कुणाला तरी शोधायला जातं. अशा वेळी ती वाचायची, आणि मग चार वाक्यांत नानांना रेडिओवर सांगायची. नानांना डोळ्यांमुळे बारीक अक्षर लागत नसे. पण पाच खंड त्यांनी असे कानाने पार केले होते, आणि सहाव्याने त्यांचा जीव टांगणीला लावला होता. सकाळी पहिला निरोप ठरलेला. "मीठवालीचं काय झालं?" अजून काही नाही, असं ती सांगायची. मग शेवटचं पान उघडून बघ एकदाचं, असा त्यांचा आग्रह. ती कधीच बघायची नाही.

शिडीच्या पायथ्याशी पाटी होती, मोबाईल वर नेऊ नये. पाटीवर पुस्तकाचा उल्लेख नव्हता. पुढे ती मला म्हणाली, "नाव नव्हतं म्हणून चालतं, असं नाही हो. मला कळत होतं."

त्या मंगळवारी सकाळचे अकरा वाजून गेले होते. इमारत एकोणिसाव्या मजल्यापर्यंत आली होती आणि तिथे सळयांचा एक मोठा भारा चढवायचा होता. खाली चौघं तो भारा तारेच्या दोन जाड दोरांनी बांधत होते. पंचवीस मिनिटं झाली तरी बांधणं संपेना. ती पान चारशे बारावर होती. एक गुराखी बर्फ उकरताना हातमोजा शोधून काढतो, झटकतो, आणि त्याच्या शिवणीतून मीठ गळतं. चारशे पानांनंतरची पहिली खूण. नानांना कधी सांगते असं तिला झालं होतं. तेवढ्यात रेडिओ बोलला, "वर, उचल."

तिने पुस्तक मिटलं, सीटच्या मागे ठेवलं आणि क्रेन चालवायचे दांडे धरले.

माल उचलताना तो आधी जमिनीपासून हातभर उचलतात आणि थांबतात. बांधणं सरळ आहे ना, भारा एका बाजूला कलत नाही ना, हे बघतात आणि मगच पुढे. ती थांबली. नानांनी "चल" म्हटलं. हूक वर निघाला. भारा चौथ्या मजल्याच्या उंचीवर असताना केबिनला असा हिसका बसला की तिचे दात एकमेकांवर आपटले. दोनपैकी एक दोर तुटला होता. भारा एका टोकाने खाली लोंबला आणि सळया त्यातून एकेक करून सुटायला लागल्या.

बरोबर खाली बांधणारे चौघं होते. उजवीकडे इमारत, तिच्या कडेला आणखी माणसं. डावीकडे पाण्याच्या टाकीसाठी खोदलेला खड्डा, कुंपण घातलेला, रिकामा. तिने वर जाणं थांबवलं आणि क्रेनचा हात डावीकडे फिरवला. हळू फिरवावं तर माल चौघांवर पडतो, जोरात फिरवावं तर झोक्याने तो आणखी सुटतो. आठ सेकंद लागले. भारा खड्ड्यावर पोचला आणि तिथे रिता झाला. पण वाटेत सहा सळया सुटल्या होत्या. नाना त्या चौघांना हातांनी ढकलत बाजूला काढत होते. जमिनीवर आपटलेली एक सळई उसळली आणि त्यांच्या गुडघ्याखाली बसली. रेडिओ त्यांच्या हातात चालूच होता. त्यांचा आवाज तिने वर ऐकला.

ती खाली उतरेपर्यंत गाडी नानांना घेऊन गेली होती.

कंपनीचा सुरक्षा अधिकारी तासाभराने वर चढला आणि पुस्तक घेऊन उतरला. तरुण माणूस, वाईट नव्हता. पण घाबरलेला होता, आणि त्याच्या वरचे लोक फोनवर त्याच्या मागे लागले होते. कार्यालय म्हणजे एक पत्र्याचा कंटेनर. तिथे त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तिला समोर बसवलं. दोर तुटल्यावर क्रेन आठ सेकंद चालू होती, हे खाली दहा जणांनी पाहिलंय, असं तो म्हणाला. लगेच का थांबली नाही? तिने खड्ड्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. वाचनामुळे लक्ष विचलित झालं, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर कंपनी तिला दुसऱ्या कामावर पाठवेल, बाहेर गवगवा होणार नाही. नाही केली तर सरकारी निरीक्षक येईल, आणि केबिनमध्ये पुस्तक सापडलंय हे त्याला कळल्यावर परवाना राहील असं अधिकाऱ्याला वाटत नव्हतं. तिने उद्यापर्यंत वेळ मागितला.

घरी बातमी तिच्या आधी पोचली होती. नवऱ्याने काही विचारलं नाही, पाणी आणून दिलं. मुलीने मात्र सरळ विचारलं, "आई, तू वाचत होतीस का?"

"वाचत होते. उचलायच्या आधी."

"किती आधी?"

पुस्तक मिटल्याचं तिला आठवत होतं. दांडे धरल्याचं आठवत होतं. हातभर उचलून थांबल्याचंही आठवत होतं. पण थांबून तिने भाऱ्याकडे पाहिलं होतं का? डोळ्यांसमोर आणायला गेलं की तिला दिसायचा हातमोजा, आणि त्यातून गळणारं मीठ.

दुसऱ्या दिवशी तिने सही न करता कागद परत केला आणि तिथून माझ्याकडे आली. पुस्तक पुरावा म्हणून ठेवून घेतलंय, परत कधी मिळेल सांगता येत नाही, हे कळवायला. मी तारीख वाढवून दिली. तिचा चेहरा बघून मला राहवेना. मी अकराही खंड वाचलेले आहेत. म्हटलं, पुढे काय होतं ते सांगू का, तेवढाच जिवाला आराम. ती चटकन म्हणाली, "नको. तेवढं नका सांगू." जणू सगळं हातातून जात असताना तेवढी एक गोष्ट तिला धरून ठेवायची होती.

दुपारी भेटायच्या वेळेत ती रुग्णालयात गेली. नानांचा पाय लोखंडी चौकटीत बांधून वर टांगलेला होता. शेजारच्या स्टुलावर काकू, म्हणजे नानांची बायको, बसलेल्या. काकूंनी तिला बस म्हटलं नाही. "पुस्तक वाचायला वेळ मिळतो का तिथे?" एवढंच विचारलं आणि खिडकीकडे बघत राहिल्या. ती पलंगाच्या पायथ्याशी उभीच राहिली. शेवटी नानांनी काकूंना औषधांची चिठ्ठी देऊन खाली पाठवलं.

तिने विचारलं, "नाना, मी थांबायला उशीर केला का?"

नाना म्हणाले, "माझ्या तोंडून थांब निघायच्या आत हूक थांबला होता. फिरवलीस म्हणून ते चौघं घरी गेले." मग म्हणाले, "पण मी तसं लिहून दिलेलं नाही."

कंपनीची माणसं काल येऊन गेली होती. दोर मी स्वतः तपासला होता आणि तो चांगला होता, अशा कागदावर त्यांनी नानांची सही घेतली होती. निवृत्तीला दोन वर्षं आहेत नाना, उगाच कशाला, असं ती माणसं म्हणाली होती. आणि खरी गोष्ट अशी होती की आठवड्यापूर्वी त्या दोराचे धागे तुटलेले पाहून नानांनीच त्याला लाल रंग फासला होता आणि टाकून द्यायला सांगितलं होतं. नवे दोर आले नाहीत. मंगळवारी स्टोअरमधून तोच परत आला. नानांनी लाल रंग पाहिला होता.

"एकदाच तर उचलायचंय, म्हटलं," नाना म्हणाले. "आणि मीच तुला उचल म्हटलं."

काकूंची पावलं जिन्यात वाजली तेव्हा नानांनी हळूच विचारलं, मीठवालीचं काही कळलं का. हातमोजा सापडला, तिने सांगितलं. नानांनी डोळे मिटून घेतले. पुढे? पुस्तक कंपनीकडे अडकलंय, म्हणाली, आणि निघाली.

निरीक्षक शुक्रवारी आले. पन्नाशी उलटलेले, किरकोळ अंगाचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याच कंटेनरमध्ये बसले. टेबलावर सहावा खंड, नानांनी सही केलेला कागद, आणि क्रेनमधल्या नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा लांबलचक छापील कागद. दांडा केव्हा कुठे हलला, त्याची सेकंदासेकंदाची नोंद त्यात असते. तुटलेला दोर मागितला तर स्टोअरवाल्याने दोन तुकडे आणून दिले. फारसे झिजलेले नव्हते, वंगण लागलेले, आणि त्यांच्यावर लाल रंगाचा ठिपका नव्हता. हा तो दोर नाही हे तिला बघताक्षणी कळलं. पण ते बोलायचं तर नानांचा कागद खोटा ठरत होता. ती बोलली नाही.

निरीक्षकांनी पुस्तक पुढे केलं आणि हे वर नेलं होतं का, म्हणून विचारलं. हो म्हणाली. मंगळवारी वाचत होता? हो. उचल म्हणेपर्यंत वाचत होते. सुरक्षा अधिकाऱ्याने मान खाली घातली.

निरीक्षकांनी छापील कागदावर बोट ठेवलं. हातभर उचलून चार सेकंद थांबल्याची नोंद होती. नंतर वर जाणं, थांबणं, आणि डावीकडे फिरणं. माल उजवीकडे जायचा होता, तुम्ही डावीकडे फिरवला, म्हणजे विचार करून फिरवला, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. एवढ्यावर ती सुटत होती. खोलीतल्या सगळ्यांना ते कळलं. तिलाही कळलं.

ती म्हणाली, "साहेब, चार सेकंद मी थांबले, ते कागदावर आहे. पण त्या चार सेकंदांत मी भाऱ्याकडे बघत होते की डोक्यात पुस्तक होतं, हे मला सांगता येत नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं."

निरीक्षकांनी पेन उचललं, तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, आणि मग म्हणाले की त्यांना केबिन बघायची आहे.

चढायला त्यांना अर्धा तास लागला. प्रत्येक टप्प्यावर ते कठडा धरून उभे राहायचे आणि ती दोन पायऱ्या खाली थांबायची. केबिनमध्ये एकच सीट. ते सीटवर बसले, ती मागे जाळीवर उभी राहिली. पुस्तक कुठे होतं, दांडे कसे धरता, भारा कुठे होता, चौघं कुठे होते, सगळं त्यांनी विचारून घेतलं. ती काचेतून बोट दाखवत होती. हा खड्डा, हा रस्ता, हे कार्यालय, हा स्टोअरचा कंटेनर.

आणि तिचं बोट तिथेच थांबलं. स्टोअरच्या कंटेनरच्या छपरावर तारेच्या दोराचं भेंडोळं पडलेलं होतं. खाली उभ्या माणसाला ते छप्पर जन्मात दिसलं नसतं. भेंडोळ्याच्या एका टोकाला लाल रंग होता.

मंगळवारनंतर ती आज पहिल्यांदा वर आली होती. सुरक्षा अधिकारी पुस्तक घेऊन उतरल्यापासून दुसरं कुणी आलंच नव्हतं, क्रेनला कुलूप होतं. निरीक्षक चष्मा पुसत होते, त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. ती सांगते की तेव्हा तिला काकूंचा खिडकीकडे वळलेला चेहरा दिसत होता, नानांचा टांगलेला पाय दिसत होता, आणि उरलेली दोन वर्षं. ती गप्प बसली असती तरी तिचं स्वतःचं काही बिघडत नव्हतं, ते खालीच जवळजवळ ठरलं होतं. पण लाल रंग फासलेला असाच दुसरा दोर उद्या कुणीतरी स्टोअरमधून काढणार आणि हुकाला लावणार. चौघं उद्या पुन्हा भाऱ्याखाली उभे राहणार.

निरीक्षकांनी चष्मा लावला आणि विचारलं, "काय झालं?"

"तिथे छपरावर बघा," ती म्हणाली.

त्यांनी खिशातून मोबाईल काढला, खालच्या पाटीवर बंदी असलेला, फोटो घेतला आणि दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत राहिले. मग एकच प्रश्न विचारला, लाल रंगाचा अर्थ काय. तिने सांगितला. कुणी लावला? तिने तेही सांगितलं.

खाली आल्यावर निरीक्षकांनी सुरक्षा अधिकाऱ्यालाच शिडी लावून छपरावर चढवलं. दोर खाली आला तेव्हा स्टोअरवाला पुढे आला. माणसं नानांभोवती जमली होती तेव्हा घाबरून मीच तो वर फेकला, म्हणाला, आणि नवे दोर मागवायची चिठ्ठी तीनदा परत आल्याचंही त्याने तिथेच सांगून टाकलं.

ती तशीच, कामाच्या बुटांनिशी, रुग्णालयात गेली. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत नानांना आपण सांगावं म्हणून. तिने सगळं सांगितलं. नानांनी छताकडे बघत ऐकलं आणि शेवटी तोंड भिंतीकडे फिरवलं. काकूंनी तिला दारापर्यंत आणून सोडलं.

त्यानंतर दहा दिवस नानांचा फोन नाही, निरोप नाही. त्या दिवसांत ती दोनदा ग्रंथालयात येऊन नुसती वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसली. पानं उलटायची, पण वाचत नसायची. मी तिला चहा दिला. तिला वाटत होतं की नानांना तिने दोनदा पाडलं, एकदा सळईने आणि एकदा छपराकडे बोट दाखवून.

निकाल महिन्याभराने लागला. त्या बांधकामावरचं उचलण्याचं काम सगळे दोर नवे येईपर्यंत बंद. स्टोअरवाल्यावर आणि चिठ्ठ्या परत पाठवणाऱ्यावर कारवाई. तिला लेखी ताकीद आणि सहा आठवडे परवाना बंद. शिडीजवळच्या पाटीवर मोबाईलच्या पुढे पुस्तक आणि वर्तमानपत्र हे शब्द आले, आणि नवा नियम वाचल्याची पहिली सही तिनेच केली. नानांनी मात्र निरीक्षक त्यांच्याकडे पोचण्याआधीच, ती गेली त्याच संध्याकाळी, आपला कागद मागे घेतला होता. खरं काय ते काकूंकडून लिहून घेऊन खाली सही केली होती. हे तिला निकालपत्रातून कळलं. सिग्नलमनचं काम त्यांच्या हातून गेलं. पाय बरा झाल्यावर दोन वर्षं फाटकावरच्या वहीत गाड्यांची नोंद करायची, असं ठरलं.

अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला होता. ते घरी आले होते, पाय प्लास्टरमध्ये. बाकी काही न बोलता त्यांनी विचारलं, "पुस्तक सोडलं का त्यांनी?"

पुस्तक सोडवायला मला दोन पत्रं लिहावी लागली. आलं तेव्हा पहिल्या पानावर सरकारी शिक्का आणि पुराव्याचा क्रमांक होता. तो मी खोडला नाही. तिने ते त्याच दिवशी नेलं आणि परवाना बंद होता त्या उरलेल्या दिवसांत रोज सकाळी नानांच्या घरी जाऊन पान चारशे बारापासून मोठ्याने वाचायला लागली. काकू पहिले दोन दिवस स्वयंपाकघरातच होत्या, भांडी जरा जास्तच वाजत होती. तिसऱ्या दिवशी त्या भाजी निवडायला दारात येऊन बसल्या. चौथ्या दिवशी नानांना विचारलं, हा गुराखी कोण, आणि नानांनी पाच खंड मागे जाऊन सगळं सांगायला सुरुवात केली. त्यात सकाळ गेली. एकदा ती वाचताना अडखळली, तर काकू म्हणाल्या, "पाणी पी. घाई कुणाला आहे?" त्या घरात काकूंनी तिला स्वतःहून म्हटलेलं ते पहिलं वाक्य.

मीठवालीचं काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की सहावा खंड संपतो तेव्हा बर्फ वितळलेला नसतो. शेवटचं पान वाचून झालं तेव्हा नाना थोडे चिडले होते. एवढं सगळं बसून ऐकलं ते यासाठी का, म्हणाले. काकू आत गेल्या होत्या. तिने पुस्तक मिटलं आणि इतके दिवस मनात घोळत असलेलं विचारलं. ते चौघं भारा बांधत होते, तुम्ही वर बघून मला उचल म्हटलंत. मग हातभर उचलून मी थांबले. तेव्हा मी भाऱ्याकडे बघत होते का?

नाना म्हणाले, "खालून तुझी केबिन दिसते. तू नाही दिसत."

पुढच्या सोमवारी ती दुसऱ्या बांधकामावरच्या क्रेनवर रुजू झाली.